जहाज वाटेतच वळलं तर? युद्धाच्या सावटात माल पाठवणाऱ्या नवख्यांसाठी

२०२३ च्या डिसेंबरात माझे दोन कंटेनर एकाच वेळी अडकले. एकात मी मागवलेला माल होता, तो समुद्रावर होता. दुसऱ्यात मी विकलेला माल होता, तो बंदराच्या यार्डात जहाजाची वाट बघत उभा होता. १९ नोव्हेंबरला येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात हेलिकॉप्टरमधून उतरून ‘गॅलॅक्सी लीडर’ हे जहाज पळवल्याची बातमी मी वाचली होती आणि मोटारी वाहणाऱ्या जहाजाशी आपलं काय देणंघेणं म्हणून सोडूनही दिली होती. महिन्याभरात मोठ्या शिपिंग लाइन्सनी एकापाठोपाठ एक तांबड्या समुद्राकडे पाठ फिरवली. मला फॉरवर्डरचा, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था लावणाऱ्या एजंटचा, दोन ओळींचा मेल आला: जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून येईल, नवी तारीख कळवू.

दोन्ही कंटेनर शेवटी सुखरूप पोचले. मालाला ओरखडाही नव्हता. तरी दोन्ही व्यवहारांत मला भुर्दंड पडला, आणि तो सगळा कागदांवरच्या तारखांच्या पायी. नेहमीच्या वाटेचे दिवस मनात धरून त्या लिहिल्या होत्या. वाट बदलली, तारखा तशाच राहिल्या. जहाज कुठून जाणार हे तुम्हाला कुणी विचारत नाही. तारखा मात्र बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतात, म्हणून खालचं बरंचसं लिखाण त्यांच्याबद्दल आहे.

कामाला लागण्याआधी एवढं एका फाइलमध्ये गोळा करा:

- बुकिंग कन्फर्मेशन, आणि असेल तर बिल ऑफ लेडिंगची (माल घेतल्याची शिपिंग लाइनची पावती; तिच्यावरच माल सोडवता येतो) दोन्ही बाजूंची प्रत. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरातल्या अटीच इथे कामाला येतात.
- विक्रीचा करार किंवा ऑर्डर, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट
- एल.सी. (लेटर ऑफ क्रेडिट: ठरलेले कागद मुदतीत दिले की पैसे देण्याची बँकेची हमी) असेल तर तिची आणि प्रत्येक दुरुस्तीची प्रत
- विमा पॉलिसी किंवा सर्टिफिकेट, जोडलेल्या क्लॉजसह
- मुदत असलेली प्रत्येक परवानगी आणि प्रमाणपत्र: आयात परवाना, तपासणी, आरोग्य, फ्युमिगेशन (कीड मारायची धुरी)
- भाड्याचं कोटेशन, त्यातल्या तळटीपांसह
- कंटेनर नंबर, सील नंबर, जहाजाचं नाव आणि व्हॉयेज नंबर

१. माल नेमका कुठे आहे ते आधी पक्कं करा

माल तीनपैकी एका ठिकाणी असतो: तुमच्या गोदामात, बंदराच्या ताब्यात पण जहाजाबाहेर, किंवा जहाजावर. गोदामात असेल तर जवळपास सगळं बदलता येतं. बंदरात गेला असेल तर परत आणता येतो, पण खर्च आणि कस्टम्सची कागदपत्रं उलटी फिरवण्याची कटकट आलीच. जहाजावर असेल तर तो कुठे आणि कधी उतरेल हे ठरवणं बहुतेक तुमच्या हातातून गेलेलं असतं; उरतात ते कागद. म्हणून ‘माल निघाला’ एवढ्यावर समाधान मानू नका. जहाजावर चढल्याची तारीख विचारा.

शिपिंग लाइनच्या साइटवर कंटेनर नंबर टाकला की स्थिती कळते. जहाजाचा ठावठिकाणा ए.आय.एस. (जहाजाची जागा आपोआप प्रसारित करणारी यंत्रणा) दाखवणाऱ्या साइटवर पाहता येतो, पण युद्धक्षेत्राजवळ त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. काही जहाजं तिथून जाताना ए.आय.एस. बंद ठेवतात. जी.पी.एस. सिग्नलमध्ये ढवळाढवळ झाली की नकाशावर जहाज चक्क जमिनीवर दिसतं. तांबड्या समुद्रातून जाणारी काही जहाजं तर गंतव्य बंदराच्या रकान्यात ‘सशस्त्र रक्षक आहेत’ असा मजकूर प्रसारित करत होती. तेव्हा ठिपका दोन दिवस हलला नाही म्हणून घाबरू नका, आणि ठिपका बंदराजवळ दिसला म्हणून ट्रकही बोलावू नका.

२. तारखांचा कागद बनवा

एक साधा कागद घ्या. डावीकडे व्यवहारातल्या सगळ्या तारखा लिहा, उजवीकडे ‘माल १५ दिवस उशिरा आला तर’ आणि ‘३० दिवस उशिरा आला तर’ असे दोन रकाने करा. एल.सी.मधली शेवटची शिपमेंट तारीख, कागद सादर करण्याची मुदत, एल.सी. संपण्याची तारीख, आयात परवान्याची मुदत, प्रमाणपत्रांची मुदत, मालाची टिकण्याची मुदत, उशिराबद्दल दंड सुरू होण्याचा दिवस, ग्राहकाचा हंगाम. मग प्रत्येक ओळीत बघा: कोणती तारीख सगळ्यात आधी मोडते? तिथून कामाला लागा.

मी हे केलं नव्हतं. मागवलेल्या मालासोबतच्या एका तपासणी प्रमाणपत्राला मुदत होती, आणि नेहमीच्या प्रवासात ती कधी आडवी येत नसे. या वेळी जहाज येईपर्यंत ती उलटून गेली होती. नवी तपासणी होईस्तोवर कंटेनर बंदरात उभा आणि मीटर चालू. मुदत संपायला आठ दिवस असताना एक अर्ज केला असता तर काम भागलं असतं.

३. वाट किती लांबली ते स्वतः मोजा

आशिया ते उत्तर युरोप हा प्रवास सुएझऐवजी केपमार्गे केला की साधारण ३,५०० सागरी मैल वाढतात आणि १० ते १४ दिवस जास्त लागतात. फॉरवर्डर हाच आकडा सांगेल. तो खोटा नसतो, पण अपुरा असतो. जहाजं लांब फिरू लागली की ती पुढच्या फेरीला वेळेवर परत येत नाहीत. मग आठवड्याची एखादी फेरीच रद्द होते, तिला ब्लँक सेलिंग म्हणतात. त्या फेरीचे कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलले जातात, तो रोलओव्हर. रिकामे कंटेनर वेळेत परत येत नाहीत, त्यामुळे तुम्हाला हवा तो ४० फुटी मिळत नाही. ज्या मोठ्या बंदरांत माल एका जहाजातून दुसऱ्यात चढतो, तिथे गर्दी होते. २०२४ च्या मध्यावर सिंगापूरमध्ये हेच झालं. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांची झळ हजारो मैल दूरच्या धक्क्यावर बसली. म्हणून समुद्रावरचे वाढीव दिवस, एक रोलओव्हरचा आठवडा आणि ट्रान्सशिपमेंट, म्हणजे वाटेत जहाज बदलणं, असेल तर आणखी एक आठवडा असा हिशेब मी धरतो. थेट जहाज थोडं महाग पडलं तरी अशा काळात तेच घ्यावं, असं माझं मत आहे.

साठ्याचं गणितही इथेच बदला. रोज ४० नग लागत असतील आणि माल ३५ दिवसांत येत असेल तर १,४०० नग शिल्लक असताना पुढची ऑर्डर द्यायची. ५० दिवस लागणार असतील तर २,००० असताना. आणि सगळा माल एकाच जहाजावर टाकू नका.

‘दोनेक आठवड्यांत सुरळीत होईल’ हे वाक्य ऐकलं की मला ग्रेट बिटर लेक आठवतो. जून १९६७ च्या युद्धात सुएझ कालवा बंद झाला आणि १४ जहाजं या सरोवरात अडकली. कालवा उघडला तो १९७५ साली. वाळवंटातली वाळू बसून बसून त्या जहाजांना ‘पिवळा ताफा’ असं नाव पडलं होतं.

४. वाढीव खर्च आणि जोखीम कुणाची, ते करारात शोधा

ऑर्डरवर एफ.ओ.बी., सी.आय.एफ. अशी जी तीन अक्षरं असतात त्यांना इन्कोटर्म्स म्हणतात; खर्च आणि जोखीम वाटून देणाऱ्या या ठरीव अटी. भाडं कुणी भरायचं आणि जोखीम कुठे बदलते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नवख्यांची गल्लत इथेच होते. सी.आय.एफ.मध्ये भाडं आणि विमा विक्रेत्याचा, पण माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. तुम्ही सी.आय.एफ.वर माल घेतला असेल आणि जहाज भरसमुद्रात अडकलं, तर डोकेदुखी तुमची.

कंटेनरसाठी एफ.ओ.बी. वापरणाऱ्या विक्रेत्यांनी जरा थांबा. एफ.ओ.बी.त माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विक्रेत्याचीच राहते. एरवी कंटेनर यार्डात दोन-तीन दिवस असतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. जहाजं रद्द होऊ लागली की तोच कंटेनर तीन आठवडे तिथे पडून राहतो आणि त्या तीन आठवड्यांची काळजी तुमची. एफ.सी.ए.मध्ये ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम सुटते. नवीन करार करताना हा बदल जरूर मागा.

‘फोर्स मेज्युअर’, म्हणजे हाताबाहेरच्या संकटामुळे करारातून सूट, या शब्दावर फार विसंबू नका. इंग्लिश कायद्यात तो आपोआप मिळत नाही. करारात कलम असेल तरच, आणि कलमात जे लिहिलंय तेवढंच. १९५६ साली सुएझ बंद पडला तेव्हा सुदानचे शेंगदाणे हॅम्बुर्गला पाठवायचा सौदा केलेल्या विक्रेत्याने माल पाठवलाच नाही. कालवा बंद, म्हणून करार संपला, असं त्याचं म्हणणं. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तो हरला. केपची वाट लांब आणि महाग होती, पण उघडी होती, एवढं पुरलं. वाट महाग झाली म्हणजे अशक्य झाली असं होत नाही. म्हणून पुढच्या करारात सरळ वाक्य घाला: मार्ग बदलल्यामुळे येणारे वाढीव आकार कोण भरेल आणि पोचण्याची तारीख किती दिवसांनी सरकेल.

५. विमा: इथे घाई करू नका, पण उशीरही नको

माझ्याकडे विमा होता. ‘ऑल रिस्क’ असं त्यावर छापलंही होतं. त्यात युद्ध येत नाही हे मला कंटेनर समुद्रावर गेल्यावर कळलं. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज हे मालविम्याच्या रूढ अटींचे संच; त्यांतल्या ए, बी आणि सी या तिन्हींमध्ये युद्धाची जोखीम वगळलेली असते; सगळ्यात व्यापक समजल्या जाणाऱ्या ए मध्येसुद्धा. त्यासाठी इन्स्टिट्यूट वॉर क्लॉज वेगळे घ्यावे लागतात. सोबत स्ट्राइक्स क्लॉजही घ्या, कारण दहशतवादी कृत्य त्यात मोडतं. जहाजावर पडलेलं ड्रोन युद्धाचं की दहशतवादाचं, हा वाद तुमच्या डोक्यावर घालू नये एवढाच हेतू.

सी.आय.एफ.वर माल घेत असाल तर आणखी एक गोष्ट. विक्रेत्याने सी क्लॉजचा, म्हणजे सगळ्यात तोकडा विमा काढला तरी त्याची जबाबदारी पूर्ण होते. सी.आय.पी. या दुसऱ्या इन्कोटर्ममध्येही विमा विक्रेताच काढतो, तिथे मात्र ए द्यावा लागतो. युद्धाचा विमा दोन्हींत तुम्ही मागितला आणि खर्च सोसला तरच.

आता युद्धाच्या विम्यातल्या खाचा:

माल पाण्यावर असतानाच तो लागू असतो. गोदामात, ट्रकवर, धक्क्यावर तुमच्या मालावर क्षेपणास्त्र पडलं तर हा विमा कामाचा नाही. विमा कंपन्यांनी १९३० च्या दशकातच आपापसात हे ठरवून टाकलं आहे, कारण एका बंदरात साठलेल्या मालाचं नुकसान एका रात्रीत आवाक्याबाहेर जाऊ शकतं.

शेवटच्या बंदरात जहाज पोचल्यापासून १५ दिवसांत माल उतरला नाही तरी हा विमा संपतो. ट्रान्सशिपमेंट बंदरात उतरवलेल्या मालाला मात्र तो त्या बंदरात असेपर्यंत लागू राहतो, पण तिथेही १५ दिवसांचीच मर्यादा असते. पुढच्या जहाजावर चढला की विमा पुन्हा जागा होतो. शांततेच्या काळात १५ दिवस भरपूर वाटतात. गर्दीच्या बंदरात कंटेनर महिनाभर पडून राहतो.

विमा कंपनी पूर्वसूचना देऊन युद्धाचा विमा काढून घेऊ शकते. रूढ कलमात ही मुदत सात दिवसांची असते. ही मुदत संपण्याआधी ज्या मालाचा विमा सुरू झालाय त्याला धक्का लागत नाही. मात्र तुमचा कंटेनर यार्डात उभा असेल तर तो उघडा पडतो. आणि विम्याचे दर कोणत्या पाण्यात चढतील हे आधी कळायचं असेल तर लंडनच्या विमा बाजारातल्या जॉइंट वॉर कमिटीची धोक्याच्या क्षेत्रांची यादी बघत जा. २०२४ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रातल्या एका फेरीसाठी जहाजाच्या युद्धविम्याचा दर जहाजाच्या किमतीच्या ०.७ ते १ टक्क्यापर्यंत गेला होता. तो जहाजमालक भरतो आणि तुमच्या भाड्यातून वसूल करतो.

उशिराचं नुकसान कुठल्याच क्लॉजमध्ये मिळत नाही. हंगाम हुकला, ग्राहक गेला, फळं सडली, तर उशीर ज्या कारणाने झाला ते कारण विम्यात असलं तरी नाही. नाशवंत माल पाठवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. दिलासा एवढाच की जहाजाने वाट बदलली म्हणून साधा मालविमा बंद पडत नाही. तुमच्या हातात नसलेल्या वळशात आणि विलंबात तो चालू राहतो. तरीही मार्ग बदलल्याचं कळताच विमा एजंटला मेल टाका. फोन नको, मेल.

६. एल.सी. असेल तर आजच बँकेत जा

माल उशिरा पोचल्याने एल.सी. मोडत नाही, माल उशिरा चढल्याने मोडते. मी याच्या नेमकी उलट काळजी करत बसलो होतो. माझ्या विकलेल्या मालाला शेवटची शिपमेंट तारीख ३१ डिसेंबर होती. कंटेनर वेळेत यार्डात गेला होता, त्याची पावतीही होती. पण बँक मोजते ती जहाजावर चढल्याची तारीख. एकदा रोलओव्हर, मग दुसऱ्यांदा, आणि माल चढला तेव्हा जानेवारी अर्धा सरला होता.

त्या दिवसांत एकाने मला फार आपुलकीने सुचवलं की बिल ऑफ लेडिंगवर जुनी तारीख टाकून घेऊ, सगळेच घेतात. हे करू नका. ती फसवणूक आहे, आणि जहाज त्या दिवशी कुठे होतं हे आता कुणीही दोन मिनिटांत शोधू शकतो. मी त्रुटी असलेले कागद सादर केले. खरेदीदाराने त्रुटी माफ केली, पण त्याआधी किमतीत घासाघीस करून घेतली. बाजारभाव तेव्हा खाली आला होता आणि मी कात्रीत सापडलोय हे त्याला दिसत होतं.

योग्य रस्ता म्हणजे मुदतीआधी दुरुस्ती मागणं. दुरुस्तीला एल.सी. उघडणारी बँक, कन्फर्म करणारी (म्हणजे स्वतःचीही हमी जोडणारी) बँक असेल तर ती, आणि तुम्ही, अशी सगळ्यांची संमती लागते, त्यामुळे चार-पाच दिवस सहज जातात. शेवटची शिपमेंट तारीख आणि एल.सी.ची मुदत दोन्ही वाढवून घ्या. एकच वाढवून भागत नाही. एल.सी.त ‘सुएझमार्गे’ किंवा ‘ट्रान्सशिपमेंट नको’ असं काही असेल तर तेही काढून टाका.

आणखी दोन बारीक नियम. कागद शिपमेंटपासून २१ दिवसांत सादर करायचे असतात, एल.सी.त कमी दिवस लिहिले असतील तर तेवढ्यात. आणि एल.सी. संपण्याचा दिवस बँकेच्या सुट्टीचा आला तर ती मुदत पुढच्या कामाच्या दिवसावर जाते, पण शेवटची शिपमेंट तारीख अशी सरकत नाही. युद्धामुळे बँकेचंच कामकाज थांबलं आणि त्या काळात एल.सी. संपली, तर बँक नंतर पैसे देत नाही. रूढ नियमांत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्या देशात गोळीबार चालू आहे तिथल्या बँकेची एल.सी. घेताना बाहेरच्या बँकेचं कन्फर्मेशन मागा.

७. बिलावरचे नवे आकार तपासा

वॉर रिस्क सरचार्ज, इमर्जन्सी सरचार्ज, पीक सीझन सरचार्ज, इंधनाचा आकार. नावं दर लाइनची वेगळी, पैसे तुमचेच. तीन प्रश्न लेखी विचारा: हा आकार बुकिंगच्या तारखेला लागू होतो की माल चढण्याच्या? तो भाड्यात धरलाय की वेगळा? माल उतरताना घेणाऱ्याकडून काही मागितलं जाईल का? कोटेशनच्या तळाशी ‘शिपमेंटच्या वेळी लागू असलेले आकार’ अशी एक ओळ असते. त्या एका ओळीवर फॉरवर्डर हवा तो आकडा बसवू शकतो.

एक गंमत सांगतो. केपमार्गे जाणाऱ्या जहाजाच्या बिलात मला तांबड्या समुद्राचा वॉर रिस्क आकार लावून आला होता. जहाज तिथे फिरकलंही नव्हतं. एका मेलवर तो रद्द झाला. मेल न करणारे किती असतील याचा विचार करत बसलो थोडा वेळ.

८. पर्याय तोलून बघा

विमानाने सगळा माल पाठवायचा विचार सोडा. निकड असलेला भाग तेवढा पाठवा. कारखाना थांबवणारे २०० किलोचे सुटे भाग विमानाने, उरलेलं जहाजाने. विमानात घनफळही वजनासारखंच मोजतात, एक घनमीटर म्हणजे १६७ किलो, त्यामुळे हलका पण जागा खाणारा माल अंगावर येतो. सी-एअर हा मधला रस्ता आहे: दुबई किंवा कोलंबोपर्यंत जहाजाने, तिथून विमानाने. मात्र संघर्ष त्याच भागात असेल तर हवाई हद्दही बंद होऊ शकते, हे धरून चला. रेल्वेचा पर्याय चीन आणि युरोपमधल्या मालाला आहे. रशियातून जाणारी वाट घेताना निर्बंध आणि विमा दोन्ही तपासा.

प्रत्येक नवी वाट म्हणजे नवे मध्यस्थ, आणि कुणी ना कुणी निर्बंधांच्या यादीत असू शकतं. जहाज, मालक, घेणारा, बँक, चारही नावं तपासून घ्या.

९. माल भलत्याच बंदरात उतरवला तर

बिल ऑफ लेडिंगच्या मागच्या बाजूला लाइनला मोकळीक देणारी कलमं असतात: धोका वाटला तर माल कुठल्याही सोयीच्या बंदरात उतरवून प्रवास तिथेच संपला असं जाहीर करता येतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ओडेसा बंद पडलं तेव्हा तिकडे निघालेले कंटेनर असेच इतर बंदरांत उतरवले गेले. अशी नोटीस आली तर त्याच दिवशी तीन गोष्टी करा.

विमा कंपनीला लेखी कळवा आणि विमा चालू ठेवण्याची विनंती करा. प्रवास मध्येच संपला की साधा मालविमाही संपतो. ताबडतोब कळवलं आणि गरज पडल्यास जादा हप्ता भरला तरच तो पुढे चालतो. दुसरं, त्या बंदरातले फ्री डेज (भाडं न लागणारे दिवस) किती आणि कोणत्या दिवसापासून मोजणार ते विचारा. बंदरात जागा अडवल्याचं भाडं म्हणजे डेमरेज, कंटेनर वेळेत परत न केल्याचं भाडं म्हणजे डिटेन्शन. दोन्ही रोज चढत जातात आणि काही ठिकाणी दर आठवड्याला दर वाढतो. फ्री डेज वाढवून मागा. पहिल्या दिवशी मागितले तर मिळतात, पंधराव्या दिवशी कुणी ऐकत नाही. तिसरं, पुढचा प्रवास लाइन करणार की तुम्ही, आणि कुणाच्या खर्चाने, हे लिहून घ्या.

तुम्हालाच बंदर बदलायचं असेल तर लाइनकडे गंतव्य बदलाचा अर्ज करता येतो, पण बिल ऑफ लेडिंगच्या सगळ्या मूळ प्रती परत द्याव्या लागतात. त्यातली एक प्रत खरेदीदाराकडे कुरियरने निघालेली असेल तर विषय संपला. मूळ प्रती पाठवायची घाई करू नका.

१०. जनरल ॲव्हरेज हा शब्द ऐकून ठेवा

जहाज आणि माल दोन्ही वाचवण्यासाठी मुद्दाम केलेला खर्च किंवा त्याग सगळ्या मालधन्यांत वाटला जातो. तुमचा माल शाबूत असला तरी वर्गणी द्यावी लागते, आणि हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझमध्ये सहा दिवस आडवं अडकलं. ते युद्ध नव्हतं, पण धडा तोच: मालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं, आणि भरपाईच्या वादात सुएझ कालवा प्राधिकरणाने जहाज जुलैपर्यंत कालव्यातच अडवून ठेवलं होतं. विमा असेल तर कंपनी हमीपत्र देते. नसेल तर रोख अनामत भरावी लागते. कारण युद्धातलं असेल, तर इथेही युद्धाचा विमाच लागतो.

११. समोरच्याला खरं सांगा

उशीर होणार हे कळल्या दिवशी कळवा, अंदाजित तारखेऐवजी तारखांची रेंज द्या, आणि लाइनची नोटीस सोबत जोडा. दर आठवड्याला ठरल्या दिवशी एक मेल, बातमी नसली तरी.

१२. माल हातात आल्यावर

लांबच्या वळशात, खवळलेल्या समुद्रात कंटेनर जास्त दिवस हलतो; केपच्या आसपास जहाजांवरून कंटेनर समुद्रात पडल्याच्या घटना २०२४ मध्ये घडल्या. दार उघडण्याआधी सील नंबर ताडा, फोटो काढा. ओल, बुरशी आणि ढासळलेले थर बघा. हेग-विस्बी नियम (समुद्री वाहतुकीत लाइनची जबाबदारी ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियम) लागू असतील तर वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना लाइनला तीन दिवसांत द्यायची असते आणि दावा एक वर्षाच्या आत लावायचा असतो. युद्धाचं नुकसान लाइनच्या माथी मारता येत नाही, त्या नियमांत तिला सूट आहे. पण ओल लागली ती फुटक्या कंटेनरमुळे असेल तर दावा टिकतो. नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर येईपर्यंत माल हलवू नका.

१३. वाट पुन्हा उघडली की

शस्त्रसंधीची बातमी आली म्हणून लगेच जुन्या दिवसांवर ऑर्डर देऊ नका. विम्याचे दर उतरावे लागतात, खलाशांची तयारी लागते, आणि लाइन्सना सगळं वेळापत्रक नव्याने मांडावं लागतं. त्यात एक चमत्कारिक गोष्ट घडते: केपमार्गे आधी निघालेली जहाजं आणि सुएझमार्गे नंतर निघालेली जहाजं एकाच आठवड्यात बंदरावर येऊन थडकतात, आणि वाट मोकळी झाली तरी धक्क्यावर पुन्हा रांग लागते. त्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यासाठी जास्तीचे फ्री डेज बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा. प्रत्येक बुकिंगवर मार्ग कोणता ते लेखी विचारा. सरचार्ज उतरला का तेही विचारा, कारण चढताना तो आपोआप चढतो, उतरवायला मात्र मेल करावा लागतो.